उद्योगांतर्गत स्पर्धेचे विश्लेषण

उद्योगांतर्गत स्पर्धेचे विश्लेषण (अन्य नावे: उद्योगरचना विश्लेषण, पाच शक्तींचे विश्लेषण) ही एखाद्या उद्योगात नफा कशामुळे टिकतो, कशामुळे घटतो आणि अखेरीस कोणाच्या वाट्याला जातो, हे तपासण्याची व्यवस्थापनशास्त्रातील पद्धत आहे. समान माल विकणारे दोन व्यावसायिक एकमेकांचे स्पर्धक असतात, हे उघड आहे. या पद्धतीत त्यांच्याखेरीज ग्राहक, पुरवठादार, नव्याने येऊ पाहणारे व्यावसायिक आणि पर्यायी वस्तू वा सेवा यांनाही नफ्याचे वाटेकरी मानले जाते. पद्धतीची आज प्रचलित असलेली मांडणी हार्वर्ड बिझनेस स्कूलमधील अर्थतज्ज्ञ मायकेल पोर्टर यांनी १९७९ मध्ये केली.

रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे तालुके या विश्लेषणाच्या अभ्यासासाठी उपयुक्त उदाहरण ठरतात. बोरघाटाच्या पायथ्याशी असलेल्या या भागातील अनेक व्यवसाय प्रवासी कोठे थांबतो आणि त्याला पुढे कसे जाता येते, यावर उभे आहेत. त्यामुळे येथील स्पर्धेचे स्वरूप शेजारच्या दुकानदारापेक्षा रेल्वे, रस्ते, परवाने आणि न्यायालयीन आदेश यांनी अधिक ठरवलेले दिसते.

## पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत औद्योगिक अर्थशास्त्राची जी शाखा विकसित झाली, तिच्यात या पद्धतीची मुळे आहेत. एडवर्ड मेसन आणि जो बेन यांनी उद्योगाची रचना, त्यातील कंपन्यांचे वर्तन आणि त्यातून मिळणारे फळ यांचा परस्परसंबंध मांडला. बेन यांच्या १९५६ मधील ग्रंथात नव्या स्पर्धकांच्या प्रवेशातील अडथळ्यांचे विवेचन आहे. या अर्थशास्त्रज्ञांचा मुख्य हेतू मक्तेदारीला आळा कसा घालावा, हा होता. पोर्टर यांनी तेच विचार व्यवसाय चालवणाऱ्याच्या बाजूने मांडले. नफा टिकवून धरणारी परिस्थिती कोणती आणि तीत आपले स्थान कोठे असावे, हा त्यांचा प्रश्न होता.

हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू या नियतकालिकातील १९७९ च्या लेखानंतर पोर्टर यांचे ‘कॉम्पिटिटिव्ह स्ट्रॅटेजी’ (१९८०) आणि ‘कॉम्पिटिटिव्ह ॲडव्हान्टेज’ (१९८५) हे ग्रंथ प्रसिद्ध झाले. २००८ मध्ये त्यांनी मूळ मांडणीचे सुधारित विवेचन त्याच नियतकालिकात केले.

## पाच शक्ती

* विद्यमान स्पर्धकांमधील चुरस: स्पर्धक संख्येने अधिक व आकाराने सारखे असले, मागणीची वाढ मंद असली, स्थिर खर्च मोठा असला किंवा व्यवसाय सोडून बाहेर पडणे अवघड असले, तर चुरस तीव्र होते. दर कमी करून होणारी चुरस नफ्याला सर्वाधिक घातक मानली जाते.
* नव्या स्पर्धकांचा धोका: भांडवल, परवाने, जागा, नावलौकिक आणि विक्रीच्या वाटा हे प्रवेशातील प्रमुख अडथळे होत. अडथळे कमी असतील तर आजचा चांगला नफा उद्याच्या गर्दीला आमंत्रण देतो.
* पर्यायी वस्तू वा सेवांचा धोका: तीच गरज वेगळ्या मार्गाने भागवणारी वस्तू म्हणजे पर्याय. आगगाडीतील प्रवाशासाठी फलाटावरील वड्याला घरचा डबाही पर्याय असतो.
* ग्राहकांची सौदाशक्ती: मोजके व मोठे ग्राहक, दरांची सहज तुलना आणि विक्रेता बदलण्यास लागणारा कमी खर्च यांमुळे ती वाढते.
* पुरवठादारांची सौदाशक्ती: पुरवठादार थोडे असले आणि त्यांच्यावाचून व्यवसाय अडत असला तर ते आपला दर लादू शकतात. कच्च्या मालाबरोबरच जागा, वीज, भांडवल व कुशल श्रम पुरवणारेही या वर्गात येतात.

या पाचांपैकी एक वा दोन शक्ती सामान्यतः निर्णायक असतात. त्या नेमक्या ओळखणे हे विश्लेषणाचे मुख्य काम होय. शासन ही पोर्टर यांच्या मांडणीत स्वतंत्र सहावी शक्ती नाही. शासनाच्या निर्णयांमुळे पाच शक्तींपैकी कोणती बळावते आणि कोणती दुर्बळ होते, हे पाहावे, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

## विश्लेषणाची पद्धत

पहिली पायरी उद्योगाची सीमा ठरवण्याची असते. सीमा फार संकुचित धरली तर पर्याय नजरेआड होतात आणि फार व्यापक धरली तर निष्कर्ष निरुपयोगी ठरतात. ‘कर्जत स्थानकावरील वडाविक्री’, ‘कर्जतमधील खाद्यव्यवसाय’ आणि ‘मुंबई–पुणे प्रवासातील खानपान’ या तीन सीमा एकाच विक्रेत्याला लागू होतात, परंतु प्रत्येकीत त्याचे स्पर्धक निराळे असतात.

त्यानंतर प्रत्येक शक्तीशी संबंधित घटकांची नोंद केली जाते, त्यांचा दर व खर्च यांवरील परिणाम तपासला जातो आणि येत्या काही वर्षांत त्यांत कोणता बदल संभवतो, याचा अंदाज बांधला जातो. उद्योगाचे आजचे चित्र आणि त्याची दिशा यांत फरक करणे आवश्यक असते. एका हंगामातील तेजी अथवा मंदी म्हणजे रचनेतील बदल नव्हे.

## कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील उदाहरणे

### भौगोलिक चौकट

मुंबई आणि पुणे यांना जोडणारे लोहमार्ग व रस्ते बोरघाटातून जातात. मुंबईहून आलेला लोहमार्ग १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोहोचला आणि १८६३ मध्ये बोरघाटातील चढणीचा मार्ग खुला झाला. या मार्गावरील कमाल चढ ३७ मीटरला १ मीटर इतका तीव्र असल्याने पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जत येथे मागून ढकलणारी जादा इंजिने, म्हणजेच बँकर इंजिने, जोडण्याची पद्धत रूढ झाली. माथेरान हे गिरिस्थान कर्जत तालुक्यात, तर खोपोली हे औद्योगिक शहर खालापूर तालुक्यात येते.

### खोपोलीची जलविद्युत

घाटाची उंची हीच संपत्ती मानून उभा राहिलेला या भागातील पहिला मोठा आधुनिक उद्योग म्हणजे टाटा जलविद्युत योजना. यासाठी १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली आणि लोणावळा परिसरात अडवलेले पाणी सुमारे ५०० मीटर खाली आणून १९१५ मध्ये खोपोली येथे वीजनिर्मिती सुरू झाली. कर्जत तालुक्यातील भिवपुरी येथील केंद्र १९२२ मध्ये कार्यान्वित झाले.

मुंबईच्या कापडगिरण्या तोवर प्रामुख्याने कोळशावर चालणाऱ्या वाफेच्या यंत्रांचा वापर करीत. त्यांच्या दृष्टीने वीज हा वाफेला मिळालेला पर्याय होता आणि त्यामुळे कोळसा पुरवठादारांची पकड सैल होणार होती. मात्र गिरणीत एकदा विजेच्या मोटारी बसवल्या की पुन्हा वाफेकडे वळणे खर्चाचे होते. पर्यायाने एका पुरवठादारापासून मुक्ती मिळते, त्याच वेळी दुसऱ्यावरचे अवलंबित्व निर्माण होऊ शकते. पर्यायी तंत्रज्ञानाच्या विश्लेषणात या दोन्ही बाजू तपासाव्या लागतात.

### कर्जत स्थानकावरील खाद्यविक्री

कर्जत स्थानकावरील बटाटेवडा मुंबई–पुणे प्रवाशांमध्ये प्रसिद्ध असून दिवाडकर हे नाव त्याच्याशी जोडले गेले आहे. बँकर इंजिन जोडण्यासाठी गाडी थांबते, त्या काही मिनिटांत ही विक्री होते. बटाटे, बेसन, तेल व पाव यांचे विक्रेते पुष्कळ असल्याने कच्च्या मालाच्या पुरवठादारांची सौदाशक्ती कमी आहे. गाडी सुटण्याच्या घाईत असलेल्या प्रवाशाला दरांची तुलना करण्यास वेळ नसतो, त्यामुळे एकेकट्या ग्राहकाचीही सौदाशक्ती मर्यादित राहते.

खरी सौदाशक्ती जागा देणाऱ्याकडे आहे. फलाटावरील विक्रीसाठी रेल्वेचा परवाना लागतो. परवान्यामुळे नव्या विक्रेत्यांचा प्रवेश रोखला जातो आणि परवानाधारकाला संरक्षण मिळते, तथापि तेच संरक्षण काढून घेण्याचा अथवा त्याची किंमत वाढवण्याचा अधिकारही रेल्वेकडेच राहतो.

पर्यायांमध्ये घरचा डबा, गाडीतील खानपान डबा आणि आयआरसीटीसीची ई-केटरिंग सेवा यांचा समावेश होतो. त्यांहून मूलभूत बदल गाड्यांच्या तंत्रज्ञानात आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या मुंबई–सोलापूर वंदे भारत एक्सप्रेसला घाट चढण्यासाठी बँकर इंजिन लागत नाही आणि तिला कर्जत येथे थांबाही नाही. अशा गाड्यांचे प्रमाण वाढल्यास कोणताही नवा वडाविक्रेता न येता या व्यवसायाची मागणी घटू शकते.

### द्रुतगती मार्गावरील फूड मॉल

सुमारे ९४.५ किलोमीटर लांबीचा मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने उभारलेल्या या मार्गावर ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येते. जुन्या महामार्गालगत जागा असलेल्या कोणालाही हॉटेल, ढाबा किंवा चहाची टपरी काढता येत असे. द्रुतगती मार्गाला कुंपण पडल्यावर ती मुभा संपली आणि प्रवाशांचा विसावा खालापूरसारख्या ठिकाणच्या फूड मॉलमध्ये एकवटला.

येथे प्रवेशातील अडथळा फारच उंच आहे. फूड मॉलमधील दुकानदारासमोर मोजके स्पर्धक असतात आणि वाहन न वळवता दुसरीकडे जाणे प्रवाशाला सोयीचे नसते. असे असले तरी दुकानदाराचा नफा आपोआप मोठा ठरत नाही. मर्यादित स्पर्धेमुळे मिळणारा जादा नफा जागेच्या भाड्यात उतरू शकतो आणि दुकानदाराऐवजी जागेचा ताबा असणाऱ्याकडे जाऊ शकतो. त्यामुळे विक्री मोठी असणे आणि व्यवसाय फायदेशीर असणे या दोन बाबी वेगवेगळ्या तपासल्या जातात.

खोपोली ते कुसगाव दरम्यानचा बोगदे व पूल असलेला सुमारे १३ किलोमीटरचा ‘मिसिंग लिंक’ प्रकल्प घाटातील अंतर व वेळ कमी करण्यासाठी हाती घेण्यात आला. प्रवासाचा वेळ घटल्यास मधल्या थांब्याची गरज किती उरेल, हा या व्यवसायाच्या दीर्घकालीन विश्लेषणातील प्रश्न आहे.

### माथेरानमधील वाहतूक

माथेरानमध्ये मोटारवाहनांना बंदी असून पर्यटकांच्या गाड्या दस्तुरी नाक्यापर्यंतच जाऊ शकतात. केंद्र शासनाने २००३ मध्ये माथेरान व परिसर पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. आदमजी पीरभॉय कुटुंबाने उभारलेली नेरळ–माथेरान ही अरुंदमापी रेल्वे १९०७ पासून चालू आहे. सुमारे २१ किलोमीटरच्या या मार्गाखेरीज नेरळहून दस्तुरीपर्यंत टॅक्सी आणि दस्तुरीपासून पुढे घोडे, हातरिक्षा, पायी चालणे किंवा अमन लॉज स्थानकावरून सुटणारी शटल रेल्वे, असे मार्ग उपलब्ध होते.

मोटारबंदी हा घोडेवाले आणि हातरिक्षा ओढणारे यांच्या व्यवसायाचा पाया होता, कारण तिच्यामुळे सर्वांत प्रबळ पर्याय बाहेर राहिला. रेल्वेची सेवा विस्कळीत झाली की पर्यायांची संख्या आणखी घटते. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत लोहमार्गाची हानी होऊन सेवा २००७ पर्यंत बंद होती. २०१९ च्या पावसाळ्यातील हानीनंतर नेरळपासूनची सेवा २०२२ मध्ये पूर्ववत झाली.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना अनुमती दिली आणि त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्या धावू लागल्या. ज्येष्ठ नागरिक, रुग्ण व शाळकरी मुले यांना याचा लाभ झाला. घोडेवाल्यांच्या दृष्टीने मात्र वाहनबंदीने दिलेले संरक्षण कमी झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढून नेण्याची प्रथा मानवी प्रतिष्ठेशी विसंगत ठरवली आणि हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा, तसेच त्या ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी ई-रिक्षांची योजना आखण्याचा आदेश राज्य शासनाला दिला.

या प्रकरणात नव्या पर्यायाचा परवाना कोणाला मिळतो, हा निर्णायक मुद्दा ठरतो. हातरिक्षा ओढणाऱ्यालाच ई-रिक्षा मिळाली तर पर्याय त्याच्या हाती येतो आणि त्याची उपजीविका टिकते. परवाना बाहेरच्या गुंतवणूकदाराकडे गेला तर तीच सेवा त्याला व्यवसायातून बाहेर काढते. प्रवाशाला मिळणारी सोय दोन्ही स्थितींत सारखीच असते.

### मनोरंजन उद्यान आणि चित्रपट स्टुडिओ

खोपोली–पाली मार्गावरील सांगडेवाडी येथे २०१३ मध्ये इमॅजिका हे मनोरंजन उद्यान सुरू झाले. २०१४ मध्ये तेथे जलक्रीडा उद्यानाची भर पडली. अशा उद्यानासाठी विस्तीर्ण जमीन आणि प्रचंड भांडवल लागत असल्याने नवा स्पर्धक सहज येत नाही. परंतु पाळणे व यंत्रे अन्यत्र वापरता येत नाहीत आणि व्याज व देखभाल यांचा खर्च पर्यटक आले नाहीत तरी चालूच राहतो. प्रवेशातील अडथळा जितका उंच, तितका येथे बाहेर पडण्यातील अडथळाही उंच आहे. शिवाय मुंबई व पुण्यातील कुटुंबासमोर लोणावळा, माथेरान, अलिबागचा किनारा किंवा शहरातील मॉल असे सुटीचे अनेक पर्याय असतात. कंपनीवरील कर्जाच्या पुनर्रचनेनंतर २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने तिचा ताबा घेतला. हा समूह लोणावळा व शिर्डी येथे जलक्रीडा उद्याने चालवत असल्याने या व्यवहारातून विद्यमान स्पर्धकांमधील चुरसही कमी झाली.

कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये चौकजवळ उभारलेल्या एन. डी. स्टुडिओची आर्थिक रचना काही अंशी अशीच होती. ‘जोधा अकबर’ (२००८) या चित्रपटासाठी तेथे भव्य देखावे उभारण्यात आले होते. स्टुडिओचे ग्राहक असलेल्या निर्मिती संस्था तुलनेने मोजक्या असतात आणि त्यांना गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी व हैदराबादजवळील रामोजी फिल्म सिटी हे पर्याय उपलब्ध असतात. स्टुडिओच्या कंपनीविरुद्ध जुलै २०२३ मध्ये दिवाळखोरी निराकरण प्रक्रिया दाखल करून घेण्यात आली. पुढे राज्य शासनाच्या महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाने स्टुडिओचे कामकाज हाती घेतले.

### फार्महाऊस आणि कृषी पर्यटन

कर्जत परिसरातील भाड्याने दिली जाणारी फार्महाऊस आणि लहान रिसॉर्ट हा याच्या उलट नमुना आहे. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन खरेदी करण्यावर १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्यान्वये निर्बंध आहेत. परंतु ज्याच्याकडे आधीच जमीन व घर आहे, त्याला या व्यवसायात उतरणे सोपे असते. खोल्या, तरणतलाव व जेवण असे सर्वांचे स्वरूप सारखेच असल्याने चुरस दरांवर येते. मधल्या वारी रिकामी राहिलेली खोली दुसऱ्या दिवशी विकता येत नाही, हेही दर पडण्याचे एक कारण आहे. ऑनलाइन आरक्षण संकेतस्थळांवर ग्राहक दरांची तुलना करतो आणि ग्राहक मिळवून देणारे संकेतस्थळ स्वतःच प्रबळ मध्यस्थ बनते. पावसाळ्यात धबधब्यांवर जाण्यास जिल्हा प्रशासनाने मनाई केल्यास ऐन हंगामातील मागणीही घटते.

या गर्दीतून वेगळे होण्याचा एक मार्ग नेरळजवळील सगुणा बागेने दाखवला आहे. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या या केंद्रात शेती हाच पर्यटनाचा विषय आहे आणि नांगरणीविना भातलागवडीच्या ‘सगुणा राइस तंत्रा’साठीही ते ओळखले जाते. खोली व तरणतलाव यांची नक्कल काही महिन्यांत होते. अनेक वर्षांत साठलेल्या शेतीच्या अनुभवाची नक्कल तितक्या लवकर होत नाही. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केल्यानंतर या क्षेत्रातील प्रवेश अधिक सुकर झाला.

## तुलना

| व्यवसाय | नफ्याला मिळणारे संरक्षण | सर्वांत प्रबळ शक्ती | रचना बदलणारा घटक |
|---|---|---|---|
| स्थानकावरील खाद्यविक्री | परवाना व गाडीचा थांबा | जागा देणारी रेल्वे | बँकर इंजिन न लागणाऱ्या गाड्या |
| फूड मॉलमधील दुकाने | मार्गावरील नियंत्रित प्रवेश | जागेचा ताबा असणारा | प्रवासाचा घटता वेळ |
| माथेरानमधील घोडे व हातरिक्षा | मोटारबंदी | पर्यायी वाहने | ई-रिक्षा व न्यायालयीन आदेश |
| मनोरंजन उद्यान | भांडवल व जमीन | सुटीचे अन्य पर्याय | कर्ज व मालकीबदल |
| फार्महाऊस | अत्यल्प | विद्यमान स्पर्धकांमधील चुरस | आरक्षण संकेतस्थळे |

## व्यवसायधोरणातील उपयोग

पोर्टर यांनी तीन मूलभूत व्यूहरचना सांगितल्या: सर्वांत कमी खर्चात उत्पादन करणे, ग्राहकाला मोल वाटेल असे वेगळेपण निर्माण करणे आणि मर्यादित ग्राहकवर्गावर लक्ष केंद्रित करणे. विश्लेषणातून यांपैकी कोणती व्यूहरचना त्या उद्योगात टिकाव धरेल, याचा अंदाज येतो. फार्महाऊसच्या व्यवसायात कमी दर सहज गाठला जातो, म्हणून वेगळेपण अथवा निवडक ग्राहक हे मार्ग अधिक सुरक्षित ठरतात. परवान्यावर आधारलेल्या व्यवसायात परवान्याची मुदत व नूतनीकरणाच्या अटी यांचा अभ्यास हा धोरणाचाच भाग असतो. थांब्यावर अवलंबून असलेल्या विक्रेत्याला आपल्या नावाची विक्री थांब्याबाहेरही करता येईल का, याचा विचार थांबा कायम असतानाच करावा लागतो.

## कायदेशीर चौकट

चुरस कमी करण्याचे सर्वच मार्ग कायदेशीर नसतात. भारतात १९६९ च्या मक्तेदारी व निर्बंधक व्यापार प्रथा कायद्याची जागा स्पर्धा अधिनियम, २००२ ने घेतली. त्याच्या कलम ३ नुसार स्पर्धाविरोधी करारांना, तर कलम ४ नुसार बाजारातील वर्चस्वाच्या गैरवापराला मनाई आहे. ही कलमे मे २००९ मध्ये अमलात आली आणि त्यांची अंमलबजावणी भारतीय स्पर्धा आयोग करतो. सक्षम प्राधिकरणाने ठरवलेले भाडे आणि स्पर्धकांनी आपसांत संगनमताने ठरवलेले दर यांत म्हणूनच मूलभूत फरक केला जातो.

## टीका आणि मर्यादा

* पूरक व्यवसायांकडे दुर्लक्ष: ॲडम ब्रँडनबर्गर आणि बॅरी नेलबफ यांनी १९९६ मध्ये परस्परपूरक व्यवसायांचे महत्त्व अधोरेखित केले. माथेरानमधील हॉटेल आणि घोडेवाला एकाच पर्यटकाच्या खर्चात वाटेकरी असले, तरी एकाविना दुसऱ्याचा व्यवसाय चालणे कठीण असते.
* उद्योगाला दिलेले अवाजवी महत्त्व: रिचर्ड रुमेल्ट यांनी १९९१ मधील अभ्यासात नफ्यातील तफावतीचा मोठा भाग उद्योगापेक्षा त्या-त्या व्यवसाय घटकाच्या वैशिष्ट्यांशी निगडित असल्याचे दाखवले.
* स्थिर चित्र: वेगाने बदलणाऱ्या क्षेत्रांत उद्योगाची सीमाच बदलत राहते, त्यामुळे एकदा केलेले विश्लेषण लवकर कालबाह्य होते. पोर्टर सहसंस्थापक असलेल्या मॉनिटर या सल्लागार कंपनीने २०१२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा या पद्धतीच्या उपयुक्ततेवर पुन्हा चर्चा झाली.
* सामाजिक परिणामांचे मोजमाप नसणे: व्यवसायातून बाहेर पडणे ही या मांडणीत भांडवल दुसरीकडे वळवण्याची बाब असते. घोडा किंवा हातरिक्षा हेच ज्याचे भांडवल आहे आणि ज्याला दुसरे कौशल्य अवगत नाही, त्याच्या बाबतीत बाहेर पडणे म्हणजे उपजीविका गमावणे होय. नफ्याच्या विश्लेषणात या हानीची नोंद होत नाही, ती स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

## हे सुद्धा पहा

* मक्तेदारी
* व्यवसाय व्यवस्थापन
* बोरघाट
* माथेरान
* नेरळ–माथेरान रेल्वे
* मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग
* भारतीय स्पर्धा आयोग